कोकणकड्यावरून परत न आलेली टोपी

टोपी वाऱ्याने नेली नाही. मी फेकली.

एवढं लिहायला मला वर्षं लागली. सीताराम आवारी, म्हणजे आमचे अण्णा, यांच्याविषयी लिहायचं तर सुरुवात त्यांच्यापासून व्हायला हवी, हे मला कळतं. पण अण्णा आठवले की ते आधी दिसतात ते बोडक्या डोक्याने, कड्यावर उभे, दोन्ही तळहात कपाळावर आडवे धरलेले. त्यांना तसं उभं राहावं लागलं ते माझ्यामुळे. म्हणून ते आधी सांगून टाकलं. आता अण्णांकडे येतो.

सुप्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मी लागलो, तेव्हा अण्णा तिथे पॅकिंगला होते आणि कायमच्या रात्रपाळीला होते. रात्रपाळी चुकवायला लोक काय काय करतात, आजारी आईसुद्धा पुन्हा आजारी पाडतात. अण्णांनी ती मागून घेतली होती. म्हणायचे, "दिवसपाळीला कंपनीत पोचस्तवर मी भाजून निघतो. मंग पॅकिंग माझंच करावं लागंल."

अण्णा जन्मापासून सूर्यमुखी होते. आमच्याकडे अशा माणसाला हाच शब्द आहे. कातडीत रंग नाही, केसांत नाही, पापण्यासुद्धा पांढऱ्या. डोळे फिके, सतत किंचित हलणारे. ऊन लागलं की कातडी भाजायची आणि उजेड वाढला की दिसेनासं व्हायचं. "सूर्यमुखीचं फूल दिवसभर सूर्याकडं तोंड करतं म्हनं," ते एकदा म्हणाले. "ज्यानं कुनी हे नाव ठिवलं, त्याला हुडकून एक चहा पाजायचाय मला."

कंपनीत त्यांना 'लंडन' म्हणत. "लंडन आलं का ड्युटीवर?" गेटवरचा कुणीतरी रोज विचारायचा. "आलं," अण्णा शांतपणे म्हणायचे, "राणी तुझीच चौकशी करीत हुती." विचारणाऱ्याचा चेहरा त्यांना नीट दिसत नसे. पण आवाजावरून आणि चालण्यावरून ते माणूस अचूक ओळखत. मी चालताना डावी टाच घासतो हे मला माझ्या आईने कधी सांगितलं नव्हतं, अण्णांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं.

त्याच आठवड्यात मी ती टोपी पाहिली. सकाळी पाळी सुटली होती, सगळे मोटरसायकलींकडे पळत होते. अण्णा शेडखाली, जिथे सावली संपते तिथे, थांबले. पिशवीतून रुमालाएवढी एक घडी काढली, झटकली, आणि तिची टोपी झाली. भोवती रुंद काठ, मागे मानेवर पडणारा पडदा. मी बघत उभा राहिलो. माझी टाच थांबल्याचं त्यांना कळलं असणार.

"कोन, नवीन शिंदे का? डोळे मिट."

मी मिटले.

"हात पुढं कर. आता सांग, हातावर काय हाय का न्हाई?"

"काही नाही."

"उघड."

टोपी माझ्या तळहातावर होती.

"टोपी डोक्यावर हाय हे कळलं ना, तर ती टोपी न्हवं, वझं," ते म्हणाले, आणि ती घालून उन्हात उतरले.

हा खेळ ते सगळ्यांशी खेळायचे. चहावाल्याशी, एसटीच्या कंडक्टरशी, एकदा तर कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्यांशीसुद्धा. त्याच कार्यक्रमात सगळ्या जुन्या कामगारांना फेटे बांधत होते. अण्णांनी हात जोडले. "फेटा लई मानाचा, पर त्याला छज्जा न्हाई," म्हणाले, आणि टोपी घालूनच नारळ घेतला. लोक हसले. अण्णाही हसले. पण फेटा बांधून घेतला नाही तो नाहीच.

टोपी त्यांनी स्वतः शिवलेली. लहानपणी घरच्यांनी त्यांना तालुक्याच्या गावी, अकोल्यात, एका शिंप्याकडे ठेवलं होतं, कारण शिंप्याचं काम सावलीतलं. तिथे मागच्या खोलीत बसून, कापड नाकाशी धरून ते शिवण शिकले. टोपीला वरून जुन्या छत्रीचं कापड होतं. काठाच्या खालच्या बाजूला काळं सुती अस्तर, का तर खडकावरून उसळून येणारा उजेड त्या काळ्यात मुरतो, डोळ्यांत येत नाही. डोक्याभोवती मच्छरदाणीची पट्टी, वारा खेळायला. काठ ताठ राहावा म्हणून आत खोक्यांना बांधतात ती प्लॅस्टिकची पट्टी घातलेली. ती पट्टी आमच्या पॅकिंगमधल्या भंगाराची, सुपरवायझरला विचारून घेतलेली. मानेवरचा पडदा अण्णांच्या बायकोच्या, म्हणजे सुमनवहिनींच्या, जुन्या वायलच्या पातळाचा. आणि हनुवटीखाली नाडी.

नाडीचं एक होतं. ती अण्णा स्वतः कधी बांधत नसत. सुट्टीच्या दिवशी फिरायला निघाले की वहिनी दारात यायच्या, अण्णा हनुवटी वर करून उभे राहायचे आणि वहिनी दोन गाठी मारायच्या. मूल नसलेलं घर होतं ते. दारातून जाताना त्या घरात एवढा एकच विधी होता. गाठ बसली की वहिनी म्हणायच्या, "जावा." तोवर अण्णा पाऊल उचलत नसत.

कुठे जायचे? डोंगरावर.

मी श्रीगोंद्याकडचा, ऊसपट्ट्यातला. आमच्याकडे चढ म्हणजे कॅनॉलचा भराव. मला डोंगर दाखवला तो अण्णांनी, ज्यांना स्वतःला डोंगर अर्धाच दिसायचा. त्यांचं गाव अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याकडच्या वस्त्यांपैकी एक. लहानपणी आई त्यांना दिवसभर घरात ठेवायची आणि दिवेलागणीला बाहेर सोडायची. बरोबरीची पोरं घरी परतायची तेव्हा यांचा दिवस सुरू व्हायचा. समोरचा डोंगर त्यांना माहीत होता तो काळा, आभाळाला लागलेल्या ठिगळासारखा.

"मोठा झाल्यावर पहिली धड टोपी शिवली," त्यांनी मला एकदा चढताना सांगितलं, "आन भर दुपारचा गावाभाईर आलो. वर बघितलं. शिंदे, डोंगराला रंग असतो! खाली हिरवा, मधी तांबूस, वर करडा. मी घरी पळत गेलो, आईला म्हनलं, तू मला सांगितलं का न्हाईस? ती म्हनली, मला काय ठावं तुला ठावं न्हाई म्हून."

हे सांगून ते हसत सुटले. मला हसू आलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही टोपी म्हणजे नुसती टोपी नाही. तिच्या काठाखाली या माणसाचा सगळा दिवस आहे.

रविवारी आम्ही दोघे-तिघे निघायचो. कधी रतनगड, कधी भंडारदऱ्याच्या बाजूचे डोंगर, एकदा वाट वाकडी करून पार जामखेडकडे खर्ड्याचा किल्ला. त्यांची एक अट होती. मी पुढे चालायचं आणि लाल शर्ट घालायचा. लाल त्यांना लांबून दिसे. "तू माझा शिग्नल," म्हणायचे. "फक्त तू थांबलास की मी थांबनार, तवा मुतायला जाताना सांगून जा." मी त्यासाठी एक लाल सुती शर्ट घेतला. बायको म्हणायची, हमालासारखा दिसतो. मला त्या शर्टाचा अभिमान होता. एक माणूस आपल्या पाठीकडे बघून पाऊल टाकतो, याचा अभिमान वाटतोच.

रतनगडावर एकदा पुण्याची कॉलेजची मुलं भेटली. अण्णांना बघून त्यातल्या एकाने मोबाईल काढला आणि अदबीने विचारलं, "हॅलो सर, व्हेअर आर यू फ्रॉम?"

"सुप्यावरनं," अण्णा म्हणाले.

पोरगं गोंधळलं. "सुपा... इज दॅट इन युरोप?"

"पारनेर तालुका."

मग सगळ्यांनी मिळून फोटो काढले. अण्णांनी प्रत्येकाच्या हातावर टोपी ठेवून डोळे मिटायला लावले. जाताना एका मुलीने विचारलं, "अंकल, अशी टोपी कुठे मिळेल?" अण्णांनी तिचं डोकं वितीने मोजलं. पुढे महिनाभराने पुण्याला कुणाच्या तरी हाती टोपी रवाना झाली. पैसे घेतले नाहीत. "तिला सांगा, नाडी दोन गाठींची," एवढा निरोप पाठवला.

आता तो रविवार.

शिमगा जवळ आला होता. ऊन चटका द्यायला लागलं होतं. आमच्या क्वालिटी विभागाच्या साहेबांना हरिश्चंद्रगडावर यायचं होतं. मला त्यांच्या हाताखाली सुपरवायझर व्हायचं होतं. हे दोन्ही एकदम लिहितो, कारण ते एकमेकांपासून वेगळं करता येत नाही. साहेबांनी जीप केली. ऑफिसातले आणखी दोघे आले. अण्णांना मी बोलावलं, कारण वाट त्यांच्या पायांना माहीत होती. वहिनींनी दारात नाडी बांधली, आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, उन्हाच्या वेळेला सावलीला बसवा ह्यांना." मी हो म्हणालो.

जीपमध्ये मी कोकणकड्याचं वर्णन करत होतो. कडा आत वळलेला आहे, खालचा वारा कड्याला आपटून वर येतो, हलकी वस्तू फेकली तर परत वर येते. हे तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे आणि प्रत्येकजण एकदा तरी करून बघतो. साहेब म्हणाले, "दाखवाच शिंदे."

दुपारी कड्यावर पोचलो. आधी रुमाल फेकला, तो आला. वर्तमानपत्राचा तुकडा फेकला, तोही आला. "कागद काय कुठेही उडतो," ऑफिसातला एकजण म्हणाला. "काहीतरी मोठं फेका." साहेबांच्या डोक्यावर नवीकोरी, परदेशी बनावटीची टोपी होती, खास डोंगरात फिरायची, तीही हलकी. त्या टोपीकडे मी बघितलं आणि नजर काढून घेतली. साहेबांची टोपी मागायची माझी हिंमत नव्हती. अण्णांची मागायला हिंमत लागत नव्हती.

"अण्णा, द्या जरा."

ते खडकावर बसले होते. त्यांनी हनुवटी वर केली. दारात वहिनींपुढे करत तशीच. मी गाठी सोडायला लागलो. वहिनींच्या गाठी घट्ट होत्या, माझं नख दुखावलं. अण्णा तोवर मान वर करून बसून होते, डोळे मिटून.

मी टोपी फेकली. ती खाली गेली, दिसेनाशी झाली, आणि मग कड्याखालून एकदम वर आली, आमच्या डोक्यांवरून जाऊन मागच्या गवतात पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णासुद्धा हसत होते. उभे राहिले होते, तळहात कपाळावर. "आली का? आली ना? द्या आता," म्हणाले.

"अरे, रेकॉर्डच झालं नाही," साहेब मोबाईल बघत म्हणाले. "शिंदे, एकदा परत."

टोपी माझ्या हातात होती. अण्णा दोन हातांवर.

"नगं शिंदे," अण्णा म्हणाले. "वारा पडतोय."

उघड्या चेहऱ्यावर त्यांना वारा आमच्यापेक्षा जास्त कळत असणार. ते काय म्हणाले ते मला वाऱ्यात ऐकू आलं नाही, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो.

मी फेकली. टोपी क्षणभर हवेत तरंगली. मानेवरचा तो पातळाचा पडदा पंखासारखा हलला. मग ती शांतपणे, कुणीतरी बोट धरून नेल्यासारखी, खाली खाली कोकणात गेली. आम्ही पोटावर आडवे होऊन बघत राहिलो. कुणीतरी म्हणालं, "अण्णा, तुमची टोपी जिल्हा बदलून गेली! ठाण्यात बदली!" आणि सगळे हसले. मीही हसलो.

"आली का?" अण्णांनी विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही. तेव्हा त्यांना कळलं.

खरं तर गडावरच्या लेण्यांमध्ये सावलीत बसून संध्याकाळी उतरता आलं असतं. अण्णा तेच म्हणाले. पण साहेबांना संध्याकाळी आळेफाट्याला एका लग्नाला पोचायचं होतं आणि जीप एकच होती. मी थांबतो, आम्ही दोघं मागून येतो, असं मी म्हणू शकत होतो. म्हणालो नाही. माझी पुढून टोक आलेली छोटी टोपी मी त्यांना दिली, ती त्यांच्या डोक्यावर बसेना. मग त्यांनी टॉवेल गुंडाळला. टॉवेल तोंडावर ओढला की वाट दिसत नव्हती, आणि वाट बघायची तर तोंड उघडं पडत होतं. वरून ऊन आणि समोरून तापलेल्या कातळाचा पांढरा उजेड. माझा लाल शर्टही त्यांना दिसेना. शेवटी त्यांनी माझ्या शर्टाचं मागचं टोक मुठीत धरलं आणि आम्ही तसे उतरलो.

आमच्या पुढे साहेब चालले होते. कड्याच्या सावलीची वाट लागली की ते टोपी मागे ढकलायचे आणि ती त्यांच्या पाठीवर नाडीला लोंबकळायची. रिकामी. माझ्या हाताच्या अंतरावर. मी मागितली नाही. अण्णांनीही नाही. त्यांना ती दिसतच नव्हती.

एके ठिकाणी ते घसरून गुडघ्यावर पडले. उठताना म्हणाले, "शिंदे, मला काय दिसंना झालंय. तू बोलत ऱ्हा." मला बोलायला एक शब्द सुचेना. मग मी टाच घासत चाललो, मुद्दाम, जोरात. पायथ्यापर्यंत.

साहेबांना आळेफाट्याला सोडून सुप्याला अण्णांच्या दारात पोचलो तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता. अण्णांचा चेहरा सुजून लाल झाला होता, ओठ फुटले होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. वहिनींनी आधी त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"टोपी कुठंय?"

अण्णांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "वाऱ्याने उडाली वहिनी. नाडी सुटली."

वहिनी आपल्या हातांकडे बघून म्हणाल्या, "माझीच गाठ सैल बसली म्हना की."

अण्णा माझ्या दिशेने बघत होते. त्या सुजलेल्या डोळ्यांना काय दिसत होतं देव जाणे. मी गप्प राहिलो. तेही गप्प राहिले. वहिनींनी त्यांना आत घेतलं आणि दार लावता लावता म्हणाल्या, "आता दिवसाचं भाईर जायाचं न्हाई. माझ्या गळ्याची आन हाय तुमाला."

आमच्याकडे गळ्याची आन म्हणजे चेष्टा नाही. ज्याने घातली त्यानेच ती मोकळी करायची. अण्णांनी ती पाळली. मी त्यांना बाजारातून एक टोपी आणून दिली, महागाची. त्यांनी ती हातावर घेतली, डोळे मिटले, आणि म्हणाले, "लई झ्याक हाय. पर नाडी बांधाया माणूस तयार न्हाई, शिंदे. ती म्हनती, माझ्या हाताला यश न्हाई."

"तुम्ही सांगा ना वहिनींना खरं काय झालं ते," मी म्हणालो. किती सोपं केलं मी ते.

"मी सांगितलं तर ती चुगली झाली," ते म्हणाले. "तू तिच्या दारात बोललास. तुझं तू सांग. मी वाट बघतो."

मी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी सांगू, म्हणालो. मग पाडवा झाल्यावर. मग मी सुपरवायझर झालो, आणि रात्रपाळीच्या पॅकिंगकडे जायचं कामच राहिलं नाही. गेटवर अण्णा भेटले की माझी टाच ऐकून थांबत. मी चालताना टाच उचलायला शिकलो. याहून हलकट गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही.

अण्णा संध्याकाळी कंपनीत यायचे, पहाटे घरी जायचे. सकाळचं ऊन यायच्या आत जाता यावं म्हणून त्यांनी पाळी संपायच्या आधी सुटायची परवानगी मागून घेतली. डोंगर त्यांना पुन्हा ठिगळासारखा झाला. एकदा कॅन्टीनमध्ये कुणीतरी कळसूबाईचा व्हिडिओ लावला होता. अण्णांनी मोबाईल मागून घेतला आणि पार नाकाशी धरला. "रंग बराबर न्हाई येत ह्यात," एवढंच म्हणाले.

मग खालच्या ओठावर एक फोड आला, तो भरेना. त्यांनी बरेच महिने कुणाला सांगितलं नाही. नगरला दाखवलं, मग पुण्याला. ओठाचा भाग काढला. वर्षाने मानेत गाठी आल्या. मी एकदा डॉक्टरांना एकट्याला गाठून विचारलं, एका दिवसाच्या उन्हाने असं होतं का? ते म्हणाले, नाही, अशा कातडीत आयुष्यभराचं ऊन साठत जातं, एका दिवसाला धरून बसू नका. ते खरंच असणार. पण मला माहीत आहे, मी विचारलं ते अण्णांसाठी नव्हतं. मला सुटून जायचं होतं.

कंपनी सोडून ते गावी गेले. मी गेल्या फाल्गुनात तिकडे गेलो, कारण कुणीतरी म्हणालं की आता फार दिवस नाहीत. कपाटातून तो लाल शर्ट काढला. विटला होता, पोटावर बटण लागत नव्हतं. तरी घातला.

दुपार होती. घराचं दार ओढून घेतलेलं, खिडकीवर घोंगडी लावलेली. आत अंधारात खाटेवर अण्णा होते. मानेला पट्टी, चेहरा अर्धा राहिलेला. मी उंबऱ्याशी थांबलो आणि मग टाच घासत आत गेलो.

"शिंदे," ते म्हणाले. आवाज चाळणीतून आल्यासारखा.

वहिनी चुलीपाशी होत्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या. चहा ठेवता ठेवता त्या जे बोलल्या ते त्या रोजच कुणापुढे तरी बोलत असाव्यात, इतकं ते सरावाचं वाटलं. "ह्यांचं सगळं माझ्यापायी झालं बघा, भाऊजी. त्या दिशी येक गाठ नीट मारली असती, तर टोपी ऱ्हायली असती. ऊन लागलं नसतं. मी घाई केली. दुधाचं भांडं उतू चाललं हुतं म्हून घाई केली."

दुधाचं भांडं. इतकी वर्षं ही बाई त्या सकाळच्या दुधाच्या भांड्यापाशी उभी होती. आणि तिला तिथे मी उभं केलं होतं.

अण्णांनी तोंड माझ्याकडे वळवलं. वाट बघत होते.

"वहिनी," मी म्हणालो, "तुमची गाठ सुटली नव्हती. मी सोडली. माझ्या हाताने. सुटता सुटत नव्हती इतकी घट्ट होती. नख दुखावलं माझं. टोपी वाऱ्याने नेली नाही, मी कड्यावरून फेकली. साहेबांना गंमत दाखवायला. आणि तुमच्या दारात खोटं बोललो."

वहिनींच्या हातातली गाळणी तशीच राहिली. चहा उकळून खाली पडायला लागला, तरी त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी अण्णांकडे बघितलं. "खरं हाय?"

"परत येती वं टोपी तिथनं," ते म्हणाले. "त्येला वाटलं ईल. पयल्यांदा आली हुती."

मरताना सुद्धा ते माझी बाजू घेत होते.

वहिनी खाली बसल्या. "म्हंजी मी ह्यांना कोंडलं," त्या म्हणाल्या. "आन घालून कोंडलं. कुनाच्या चुकीपायी..." त्या रडल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या हातांकडे मला बघवलं नाही आणि तिथून हलताही आलं नाही.

"तुम्ही नाही कोंडलं," मी म्हणालो. "मी कोंडलं. तुमच्या हातात काही खोट नव्हती वहिनी. मला माफ करा असं म्हणायला तोंड नाही. तरी म्हणतो, मला माफ करा."

वहिनी उठल्या आणि खिडकीवरची घोंगडी एका बाजूने थोडी सारली. उजेडाची एक अरुंद पट्टी आत आली. अण्णांच्या तोंडापर्यंत ती पोचत नव्हती. माझ्या शर्टावर पडली.

अण्णांचा हात खाटेवरून पुढे आला, हवेत चाचपडला, आणि माझ्या शर्टाचं टोक त्यांना सापडलं. त्यांनी ते मुठीत धरलं. गड उतरताना धरलं होतं तसंच.

एक गोष्ट अजून राहिली होती. ती वहिनींची नव्हती, फक्त अण्णांची होती. मी खाटेशी वाकलो.

"अण्णा, दुसऱ्यांदा फेकायच्या आधी तुम्ही नको म्हणाला होतात. वारा होता, तरी मला ऐकू आलं होतं. ऐकून फेकली. माझं चुकलं."